झोपलेल्या माणसाला विचारायचं कसं?

इंदूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा इथे देत आहे.

हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आणि मुलाने कॅमेरा घेऊन दिला. तेव्हापासून दर रविवारी पहाटे हौशी मंडळींच्या ग्रुपबरोबर ते राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सरवटे बस स्टँड या भागात फोटो काढत फिरतात. अशाच एका पहाटे बंद दुकानाच्या ओटल्यावर एक म्हातारा झोपलेला दिसला. मागच्या शटरवर स्वच्छ शहराची घोषणा रंगवलेली होती. त्यांनी फोटो काढला, म्हाताऱ्याच्या उशाशी पन्नास रुपये ठेवले आणि ते पुढे निघाले. फोटो ग्रुपवर गाजला आणि आता एका प्रदर्शनासाठी निवडला गेला आहे. घरी मोठ्या उत्साहाने दाखवला, तेव्हा सूनबाई एवढंच म्हणाल्या, "बाबा, हे त्यांना दाखवलंत का?" त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर अबोला आहे. वाचकांचं म्हणणं असं की रस्ता सगळ्यांचा आहे, विचारून काढलेल्या फोटोत जीव राहत नाही, जगातल्या नामवंतांनीही हेच केलं, आणि असे फोटो दाखवलेच नाहीत तर समाजाला जाग येणार कशी? "मी काही चुकीचं केलं का? आणि फोटो मागे घेऊ का?" असं ते विचारतात.

नमस्कार,

तुमच्या पत्रात फोटोबद्दल पुष्कळ आहे. शटरच्या पत्र्यावरचा पहाटेचा उजेड आहे, पांघरुणाबाहेर आलेली भेगाळलेली टाच आहे, पांढरी दाढी आहे, उजेड कमी म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, किती वाढवला तेही आहे. त्या माणसाबद्दल मात्र दाढी आणि टाच सोडली तर काही नाही. हा टोमणा समजू नका. तुम्ही इतकं बारकाईने लिहिणारे आहात की माहीत असतं तर लिहिलंच असतं. तो झोपला होता, तुम्ही पुढे निघालात, मग माहीत होणार कुठून? सूनबाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, म्हणून ते झोंबलं असावं.

आधी कायद्याचं उरकून टाकू. रस्त्यावर, उघड्यावर फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. तुम्ही गुन्हा वगैरे काही केलेला नाही. पण "रस्ता सगळ्यांचा" हे वाक्य आपल्याला जितकं सोपं वाटतं तितकं ते त्या म्हाताऱ्याला वाटेल का? तुम्ही-आम्ही रस्त्यावर असतो तेव्हा कपडे करून, भांग पाडून, लोकांनी बघावं अशा तयारीने असतो. तोंड उघडं टाकून घोरतो ते दाराआड. त्याला दारच नाही. शिवाय जागा माणूस निदान तोंड फिरवू शकतो, हात आडवा धरू शकतो, चार शिव्या घालू शकतो. झोपलेल्याला यातलं काहीच करता येत नाही. तुमच्या फोटोबद्दल मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, त्याच्या गरिबीपेक्षाही.

आता जरा आपल्या शहराबद्दल, कारण हा फोटो दुसरीकडे कुठे काढला असता तर मी कदाचित इतकं ताणलं नसतं. इंदूरला फोटो काढणं म्हणजे तक्रार करणं ही सवय आपल्या अंगी मुरली आहे. महापालिकेच्या, म्हणजे निगमच्या, ३११ या तक्रारींच्या अ‍ॅपवर कचऱ्याचा फोटो टाकला, तुंबलेल्या गटाराचा टाकला, की ठिकाण आपोआप नोंदलं जातं आणि निगमची गाडी येते. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या शहराचं हे कौतुकच आहे. पण हीच नजर माणसांवरही फिरते. १ जानेवारी २०२५ पासून प्रशासनाने भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश लागू केला आणि भीक मागणाऱ्याची खबर देणाऱ्याला एक हजार रुपयांचं बक्षीस लावलं. ती मोहीम बरी की वाईट हा वेगळा वाद आहे, आणि फुटपाथवर झोपणारा प्रत्येक जण भीक मागतो असंही नाही. पण अशा शहरात दुकानाच्या पाटीसकट, घोषणेसकट एखाद्या झोपलेल्या माणसाचा फोटो प्रदर्शनात लागतो, पेपरात छापून येतो, तेव्हा त्या फोटोत त्याचा पत्ता असतो. "याला इथून हलवा" म्हणणाऱ्याला दुसरं काय हवं? तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला मान्य आहे. पण फोटो एकदा हातातून सुटला की त्याच्याबरोबर तुमचं मन जात नाही.

बरं, तो बेघर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? एम. वाय. या सरकारी हॉस्पिटलच्या आसपास रात्री चक्कर मारा. अंथरुणं टाकून झोपलेल्यांत पेशंटचे नातेवाईक किती असतात बघा. झाबुआ, धार, खरगोनहून आलेले असतात, गावी घर असतं, शेत असतं. लॉजचं भाडं परवडत नाही म्हणून खाली झोपतात. बस स्टँडवर पहिल्या गाडीची वाट बघणारे मजूर असतात. दुकान सांभाळणारा रखवालदारही ओटल्यावरच आडवा होतो. ग्रुपवर तुम्ही फोटोखाली "बेघर" असं लिहिलंत, म्हणजे एका अनोळखी माणसाचं घर परस्पर काढून घेतलंत. बँकेत तुम्ही सहीची खातरजमा केल्याशिवाय चेक पास केला असता का?

नामवंतांचं उदाहरण दिलंत ते बरं झालं. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा मायलेकरांचा जो फोटो तुम्ही सांगितलात, तो १९३६ सालचा, कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावरचा. ती बाई जागी होती, समोर होती, हे लक्षात घ्या. तरीही लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं, तसं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. फोटो छापून आला, तळावर सरकारी अन्नधान्य पोचलं. पण तोवर ते कुटुंब तिथून निघून गेलं होतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं १९७८ साली. या फोटोचा आपल्याला एक पैसा मिळाला नाही, ही तिची तक्रार होती. गंमत म्हणजे १९८३ साली ती अंथरुणाला खिळली तेव्हा मुलांनी त्याच फोटोच्या ओळखीवर मदत मागितली आणि लोकांनी भरभरून पैसे पाठवले. म्हणजे फोटोने काहीच केलं नाही असं म्हणता येत नाही, आणि जिच्या चेहऱ्यावर तो उभा होता तिच्यासाठी वेळेवर केलं असंही म्हणता येत नाही. मोठ्यांची उदाहरणं घ्यायची तर अशी अख्खी घ्यावीत.

आपल्याकडचंच एक उदाहरण द्यायचं तर एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ. ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७०च्या दशकात त्यांची फोटोग्राफी इथेच बहरली. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. त्यांच्यापुढे बसणारे राजे, सरदार, साहेब आपण कसं दिसायचं ते स्वतः ठरवून बसत. पगडी कोणती, तलवार कुठल्या हाती, खुर्चीवर की उभं, सगळं ठरवून. ते फोटो कृत्रिम आहेत म्हणून कोणी फेकून दिले नाहीत. "विचारलं की फोटोतला जीव जातो" हा नियम आपण फक्त गरिबाला का लावतो, हे माझ्या काही लक्षात येत नाही.

माझ्या ओळखीचा एक तरुण फोटोग्राफर आहे. सरवटे बस स्टँडजवळ गोणपाट अंथरून बसणाऱ्या एका काकांना त्याने विचारलं, "आपकी एक फोटो ले लूं?" काका म्हणाले, "रुको." गाठोडं सोडलं. आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात घडी घातलेला आकाशी शर्ट. तो अंगावरच्या बनियनवर चढवला, वरचं बटण लावलं, बाटलीतलं पाणी हातावर घेऊन केस चापून बसवले, गोणपाट गुंडाळून पाठीमागे सारलं, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. फोटो अर्थातच ताठ आला, लग्नाच्या अल्बममधल्या मामांसारखा. पोरगा हिरमुसला. त्याला गोणपाट हवं होतं ना! पण काकांनी फोटो बघून विचारलं, "भैया, एक छोटी वाली भी बना देना, फारम पे चिपकाने की." पेन्शनच्या फॉर्मला पासपोर्ट साइझ फोटो हवा होता आणि तो काढायचा राहून गेला होता. पोराने भिंतीपुढे उभं करून तोही काढला आणि पुढच्या खेपेला पूर्ण पट्टी नेऊन दिली. त्यानंतर काका त्याच्यापुढे कसेही बसतात. चहा पितात, बिडी ओढतात, शेजारच्याशी भांडतात. तुम्ही ज्याला जीव म्हणता तो त्या फोटोंत आहे. फक्त तो पहिल्याच दिवशी मिळाला नाही.

तेव्हा विचारायचं. कसं, तेही सांगते, कारण "फोटो काढू का?" एवढंच विचारणं पुरेसं नाही. सकाळी सातला गळ्यात पट्टा अडकवून समोर उभा राहिलेला माणूस फुटपाथवरच्याला निगमवालाच वाटण्याची शक्यता जास्त. तो "हो" म्हणाला तर कदाचित घाबरून म्हणेल. म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवा, खाली बसा, आपलं नाव सांगा, निवृत्त आहे, शौक म्हणून फोटो काढतो असं सांगा. मग फोटो कुठे जाणार ते सांगा: हा हॉलमध्ये भिंतीवर लागेल, लोक बघायला येतील, मोबाइलवरही फिरेल. फोटो काढून झाल्यावर त्यांना दाखवा आणि पुन्हा एकदा विचारा, कारण खरं उत्तर बहुतेक वेळा फोटो बघितल्यावरच मिळतं. "नको" म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा आणि तरीही दोन मिनिटं बसा, लगेच उठू नका. प्यायलेल्या, तापाने फणफणलेल्या किंवा भ्रमात बोलणाऱ्या माणसाचा "हो" हा होकार नव्हे. आणि एकाभोवती सात जणांनी कोंडाळं करायचं नाही, ग्रुपमध्ये हे आधी ठरवून घ्या. हौशी ग्रुपांचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

लहान मुलांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. २०१५चा बाल न्याय कायदा रस्त्यावर राहणाऱ्या, निराधार मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक मानतो. अशा मुलाच्या चौकशीच्या बातमीत त्याचं नाव किंवा फोटो दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमचं प्रदर्शन त्या कलमात बसत नसेलही, पण कायद्यामागचा हेतू तर कळतो. आई-वडील सोबत नसतील तर चेहरा दिसेल असा फोटो काढूच नका.

आता तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, समाजाला जाग येण्याचा. जानेवारी २०२१ आठवा. महापालिकेच्या गाडीत बेघर वृद्धांना भरून कर्मचारी त्यांना शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ सोडून द्यायला निघाले होते. गावकऱ्यांनी अडवलं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो देशभर फिरला, अधिकाऱ्याचं निलंबन झालं, त्या मंडळींना शहरात परत आणावं लागलं. त्या व्हिडिओतही म्हाताऱ्यांचे चेहरे होते आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तरी मी त्याला चूक म्हणणार नाही. कॅमेरा त्यांच्या सुरकुत्यांवर नव्हता, त्यांना गाडीत कोंबणाऱ्यांवर होता. तसं काही तुमच्या डोळ्यांसमोर घडलं तर परवानगीची वाट बघू नका, बेलाशक काढा.

तुमच्या फोटोत मात्र कोणावर बोट आहे? शटरवरची घोषणा आणि खाली म्हातारा, हा विरोधाभास चटकन कळतो, लोक "वाह" म्हणतात आणि पुढच्या फ्रेमकडे जातात. शहराला चिमटा तुम्ही काढलात, पण त्यासाठी चेहरा लागला त्याचा. खरंच जाग आणायची असेल तर मी एक काम सुचवते, ते बँकवाल्याला शोभेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या आदेशांनंतर शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रमाण ठरलं: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांना, वर्षभर, चोवीस तास राहता येईल असा कायमचा निवारा. २०११च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या १९ लाखांच्या वर होती, म्हणजे त्या हिशेबाने निदान १९०० जणांची सोय हवी. शहरातले रैन बसेरे, म्हणजे बेघरांचे रात्रनिवारे, शोधा, रात्री जाऊन बघा. खाटा किती, अंथरुणं कशी, बायकांसाठी वेगळी खोली आहे का, दाराला कुलूप कधी लागतं, आत न जाता बाहेरच झोपणारे का झोपतात. त्याचे फोटो काढा, खाली आकडा आणि तारीख लिहा. बाकावर कोणी आडवं होऊ नये म्हणून मधोमध ठोकलेली लोखंडी पट्टी दिसली तर तिचाही काढा. तिला विचारावं लागत नाही.

पन्नास रुपयांबद्दल. तुमचा हेतू चांगला होता, पण उठल्यावर त्या माणसाला उशाशी पैसे दिसले असतील तर ते कशाचे हे त्याला ठाऊक नाही. मोबदला द्यावा की नाही यावर फोटोग्राफर मंडळींत दोन तट आहेत. माझं मत सांगते: विचारण्याआधी पैसे काढू नका, कारण मग भुकेल्या माणसाला "नाही" म्हणताच येत नाही. होकार मिळाल्यावर त्याचा वेळ घेतलात, तर त्या वेळेचे पैसे द्या. ते मेहनताना म्हणून द्यायचे, आणि तसं त्याला सांगायचं. फोटो विकला गेला किंवा बक्षीस मिळालं तर त्याचा वाटा किती, हेही तेव्हाच बोला. आणि प्रिंट द्यायला विसरू नका. फोटोग्राफर देतो म्हणतात आणि उगवत नाहीत, हे फुटपाथवर सगळ्यांना पाठ झालं आहे.

आता हातातल्या फोटोचं काय करायचं? एक छोटा प्रिंट काढा आणि कॅमेरा न घेता पहाटे त्याच ओटल्यावर जा. समोरच्या चहावाल्याला, झाडू मारायला येणाऱ्या ताईंना विचारा, त्यांना माहीत असतं. ते काका भेटले आणि सगळं ऐकून "लावा" म्हणाले, तर फोटो लावा. नाव घालायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या आणि उद्घाटनाचं बोलावणं तुम्ही स्वतः करा. बोलावताना तुमची जीभ अडखळली, तर तो फोटो तिथे लावायचा नाही असं समजा. ते "नको" म्हणाले किंवा फ्रेमिंगच्या तारखेपर्यंत भेटलेच नाहीत, तर मागे घ्या आणि ग्रुपवरूनही काढायला सांगा. दुकानाची पाटी कापून, चेहरा अंधारात बुडवून चालेल का, असं तुम्ही विचारलंत. पाटी कापल्याने पत्ता जातो, तेवढा फायदा आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मात्र नको, त्याने माणूस आरोपी दिसतो. माझं विचाराल तर अशी डागडुजी करण्यापेक्षा दुसरा फोटो द्यावा.

अशाच वाटेने फिरणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडं: माणूस झोपलाय की बेशुद्ध आहे याची शंका आली तर कॅमेरा बाजूला ठेवून रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. एकटं मूल दिसलं तर १०९८, निराधार वृद्धांसाठी १४५६७. मनाचा तोल गेलेली व्यक्ती एकटी भटकताना दिसली तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिला संरक्षणात घेण्याची जबाबदारी ठाणेदारावर टाकली आहे.

राहिला घरातला अबोला. सूनबाईंनी तुमच्या छंदाला नावं ठेवलेली नाहीत, एक प्रश्न विचारला आणि तो फोटो नीट बघूनच विचारला. ग्रुपमधल्या "वाह सर" म्हणणाऱ्यांपेक्षा तुमचा फोटो त्यांनीच जास्त बघितला. पुढच्या रविवारी त्यांना बरोबर चलायचं का ते विचारा. फुटपाथवरच्या बायका पुरुषांच्या घोळक्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत, तिथे त्यांची सोबत उपयोगी पडेल. आणि आयोजकांना फोन उद्याच करा. यादी छापून झाली आहे असं ते म्हणतील. छापलेल्या यादीवर चिठ्ठी चिकटवता येते.